व्होल्ट कुठले, अँपिअर कुठले?

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय : ‘विद्युतदाब व विद्युतधारा यांवरून रोध आणि शक्ती यांचे गणन’. त्यातलं गणन दोन मिनिटांत उरकतो. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात, म्हणजे रोध. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात, म्हणजे शक्ती. एक भागाकार, एक गुणाकार. दोन्हींची सरमिसळ केली की आणखी दोन सूत्रं निघतात : अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, तेही वॅटच, आणि व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, तेही वॅटच. नववी-दहावीच्या पुस्तकात एवढंच आहे आणि एवढंच पुरतं.

माझी सगळी नोकरी वायरमनच्या पोरांना शिकवण्यात गेली. भागाकार कुणाचाच चुकत नाही, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. चुकतं ते आकडा उचलण्यात. ज्या वस्तूचा हिशेब करायचा तिच्याच दोन टोकांमधले व्होल्ट घ्यायचे आणि तिच्यातूनच जाणारे अँपिअर घ्यायचे. घरात २३० व्होल्ट येतात म्हणून दिसेल तिथे २३० ठोकून द्यायचे, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे. आज मी त्या रोगावरच बोलणार आहे.

पाण्याच्या टाकीचं उदाहरण मी देणार नाही, ते तुम्ही शाळेत ऐकलंय. आपण सरळ बाथरूममधल्या गिझरकडे जाऊ.

गिझरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं : २३० व्होल्ट, २००० वॅट. दोन हजाराला २३० ने भागा, ८.७ अँपिअर. आता २३० ला ८.७ ने भागा, साधारण २६.४ ओहम. हा झाला आतल्या कॉइलचा रोध. गिझर बंद करून, प्लग काढून, मल्टिमीटर ओहमवर लावून प्लगच्या दोन पिनांमध्ये धरलात (आणि आतला थर्मोस्टॅट चालू स्थितीत असला) तर जवळपास हाच आकडा दिसेल. कारण ती कॉइल नायक्रोमची असते, आणि नायक्रोमचा रोध गरम झाल्यावर फारसा हलत नाही. हिशेब आणि मीटर जुळतात, पोरं खूश होतात.

पण तुमच्या घरी २३० येतात का? उन्हाळ्यात संध्याकाळी सगळीकडे एसी लागले की बऱ्याच ठिकाणी २०० दिसतात. आता काय होईल? पट्टीवर २००० वॅट छापलंय म्हणून गिझर हट्टाने २००० वॅट घेत नाही. कॉइलचा रोध तोच, २६.४. दोनशेला त्याने भागा, ७.६ अँपिअर. गुणा दोनशेने, साधारण १५०० वॅट. म्हणजे दाब १३ टक्क्यांनी उतरला आणि शक्ती पाऊण झाली. व्होल्टचा वर्ग येतो तो इथे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला अर्ध्या युनिटच्या किंचित वर वीज लागते. २३० व्होल्टवर ते काम पंधरा-सोळा मिनिटांत होतं, २०० वर एकवीस मिनिटं लागतात. युनिट मात्र दोन्हीकडे तेवढीच पडतात. कमी व्होल्टेजवर गिझरचं बिल वाढतं असं कुणी सांगितलं तर त्यांना चहा पाजा आणि हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

गिझर सज्जन आहे. जुना पिवळा बल्ब तसा नाही. शंभर वॅटचा बल्ब घ्या. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला शंभरने भागलं की ५२९ ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरला लावा. पस्तीस-चाळीस ओहम दाखवतो! पोरं म्हणतात, सर, मीटर खराब आहे. मीटर ठणठणीत आहे. ५२९ हा पांढऱ्या उष्णतेवर तापलेल्या टंगस्टनचा रोध आहे, आणि मीटरने मोजला तो गार तारेचा. दोन्ही आकडे खरे, वेळ वेगळी. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार गार असते, म्हणून त्या क्षणापुरता करंट पाच-सहा अँपिअरच्या घरात उसळतो. बल्ब उडायचा तो बहुतेक वेळा लावतानाच, चालू असताना क्वचित, हे ज्यांनी पिवळे बल्ब वापरलेत त्यांना आठवत असेल.

शंभरचा आणि चाळीसचा बल्ब एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर कोणता जास्त पेटेल? हात वर करा. शंभरवाले बरेच आहेत. जास्त पेटतो चाळीसचा. सिरीजमध्ये दोघांतून करंट एकच जातो. चाळीसवाल्याचा रोध जास्त, म्हणून अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम त्याच्याकडे जास्त. पट्टीवरचे वॅट खरे ठरायचे तर बल्बच्या दोन टोकांना पूर्ण २३० मिळायला हवेत. इथे ते दोघांत वाटले गेलेत, आणि मोठा वाटा चाळीसवाल्याने उचललाय.

आता ज्याच्यासाठी मी आज आलो ती गोष्ट. प्लग.

गिझरचा किंवा इस्त्रीचा प्लग काढून बघा. जुना असेल तर एका पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं असतं, कधी वितळून सॉकेटला चिकटलेलं. वास येतो. लोक म्हणतात, ओव्हरलोड झाला, मोठी वायर टाका, मोठा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाका. गिझर ८.७ अँपिअर घेतोय, सॉकेट १६ अँपिअरचं आहे. ओव्हरलोड कुठून आला?

सॉकेटच्या आत पितळेच्या दोन पात्या पिनेला दोन्हीकडून चिमटीत धरतात. वर्षानुवर्षं घाल-काढ करून त्या पात्या ढिल्या पडतात. मग पीन सगळ्या अंगाने न टेकता दोन-चार ठिपक्यांवर टेकते. समजा त्या जागेचा रोध ०.२ ओहम झाला. फक्त पाव ओहमच्याही आत. पट्टीचा विद्यार्थी लगेच म्हणेल, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम : ५२,९०० भागिले ०.२, म्हणजे २,६४,५०० वॅट. अडीच लाख वॅट, त्या पिनेत! घर उडून जाईल. असं होत नाही हे कळतं, पण का होत नाही हे विचारलं की वर्गात शांतता.

चूक कुठे झाली? २३० व्होल्ट त्या पिनेच्या दोन टोकांना नाहीतच. ते पीन आणि गिझर मिळून दोघांना आहेत. दोघांचा मिळून रोध २६.६ च्या आसपास, करंट ८.६ अँपिअर. आता पिनेचा हिशेब पिनेच्याच आकड्यांनी करा. तिच्यावर पडणारे व्होल्ट : ८.६ गुणिले ०.२, म्हणजे १.७. आणि शक्ती : १.७ गुणिले ८.६, जवळपास १५ वॅट.

पंधरा वॅट ऐकायला काहीच नाही. रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात ती सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि तिच्या टोकावर शिसं-कथील वितळतं. इथे तिच्या निम्म्याहून जास्त शक्ती प्लॅस्टिकमध्ये गाडलेल्या पितळेच्या बोटभर तुकड्यात पडतेय आणि गिझर चालू आहे तोवर पडत राहते. वारा लागायला जागा नाही. पीन तापते, तापली की पितळेवर काळा थर चढतो, थर चढला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते.

आणि एमसीबी? तो काय पाहतो? तो फक्त अँपिअर पाहतो. पीन ढिली झाल्यावर करंट वाढला की कमी झाला? ८.७ वरून ८.६ झाला, म्हणजे कमीच झाला. एमसीबीच्या दृष्टीने सगळं उत्तम चाललंय. प्लग जळून खाक होईपर्यंत तो पडणार नाही, आणि मोठा एमसीबी टाकलात तर त्याने फरक पडायचा प्रश्नच नाही. वायर मोठी टाकूनही उपयोग नाही, कारण रोध वायरमध्ये नसून सॉकेटच्या पातीत आहे. दीड-दोनशे रुपयांचं चांगलं सॉकेट बदलायचं काम असतं, आणि लोक घरभर वायरिंग उकरतात. तपासायची रीत सांगतो : गिझर पंधरा मिनिटं चालवा, स्विच बंद करा, मग प्लग काढा आणि पिनांजवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर सॉकेट बदला. चालू लाइनवर मीटरच्या सुया घेऊन घरच्या घरी खेळू नका, ते काम वायरमनचं.

खेळू नका म्हणालो तर त्याचाही हिशेब देतो. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरतात. २३० भागिले हजार म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. जीव जायला एवढा पुष्कळ झाला. सोळाचा एमसीबी असल्या करंटकडे ढुंकून बघत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा लागतो. तो फेजमधून गेलेले अँपिअर आणि न्यूट्रलमधून परत आलेले अँपिअर यांची वजाबाकी पाहतो. माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेले त्याला कमी दिसतात आणि तो पडतो.

क्लॅम्प मीटरचंही हेच. तारेभोवती नुसता जबडा लावून अँपिअर मोजणारं ते यंत्र. नवीन पोरगा उत्साहाने इस्त्रीच्या अख्ख्या वायरीभोवती क्लॅम्पचा जबडा लावतो आणि मीटर शून्य दाखवतो. त्या वायरीत फेजही आहे आणि न्यूट्रलही. एकातून जातो तेवढाच दुसऱ्यातून परत येतो, दोघांची चुंबकं एकमेकांना खाऊन टाकतात. जबडा एकाच तारेभोवती हवा.

व्होल्ट भागिले अँपिअर हा हिशेब मुळात शोधला त्या माणसाचीही गाडी सुरुवातीला ह्याच खड्ड्यात अडकली होती. गेओर्ग सिमोन ओहम. जन्म १७८९, जर्मनीतलं एर्लांगेन, बाप कुलुपं करणारा लोहार. ओहम कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात तारांवर प्रयोग करायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून करंट किती कमी होतो ते पाहायचा. त्याच्याकडे व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी होती, आणि ती प्रयोग चालू असतानाच उतरत जायची. मोजताना हातातला व्होल्टच सरकत असेल तर करंटवरून तारेबद्दल काय कळणार? १८२५ च्या निबंधात त्याने मांडलेलं सूत्र चुकीचं निघालं. मग पोगेनडॉर्फ ह्या संपादकाने त्याला सुचवलं की थर्मोकपल वापर. बिस्मथ आणि तांब्याचा जोड, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्ट देणारा; एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. उकळतं पाणी आणि बर्फ दोन्ही आपापल्या तापमानाला चिकटून राहतात, म्हणून व्होल्ट हलत नाही. अगदी थोडा, पण पक्का. १८२६ मध्ये त्याला नियम मिळाला, १८२७ मध्ये पुस्तक निघालं.

त्याच्या मूळ सूत्रात एक गंमत आहे जी आपल्या पाठ्यपुस्तकातून गळून गेली. त्याने करंट मांडला तो ‘एक स्थिर संख्या, भागिले तारेची लांबी अधिक आणखी एक स्थिर संख्या’ असा. ती अधिकची संख्या म्हणजे बाकीच्या मंडलाचा, उगमाचा स्वतःचा रोध. तारेच्या बाहेरही रोध असतो हे त्या भल्या माणसाने पहिल्या दिवशीच लिहून ठेवलंय. मोटारसायकलची किंवा गाडीची बॅटरी घ्या. नुसती मोजली तर १२.६ व्होल्ट, ठणठणीत. स्टार्टर मारताना मोजा, १०.५ वर येते. गाडीचा स्टार्टर दीडशे अँपिअर घेत असेल तर २.१ भागिले १५०, म्हणजे ०.०१४ ओहम हा बॅटरीच्या पोटातला रोध. बॅटरी म्हातारी होते तेव्हा हा आकडा वाढतो. नुसत्या व्होल्टमीटरवर ती शेवटपर्यंत १२.५ दाखवत राहते आणि सकाळी गाडी ‘टक्’ करून गप्प बसते. गॅरेजवाला लोड टाकून बॅटरी तपासतो तो त्यासाठीच.

हाच हिशेब शेतात नेऊ. इथे बरीच शेतकरी मंडळी बसली आहेत आणि मघापासून त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय की गिझर पुरे झाला.

तक्रार नेहमीची : “स्टार्टरवर मीटर लावला, चारशे पंधरा व्होल्ट दाखवतो, तरी मोटर जळली.” मी विचारतो, दादा, मीटर लावला तेव्हा मोटर चालू होती का? नव्हती. मग करंट शून्य होता. शून्य गुणिले तारेचा रोध म्हणजे शून्य. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंत कितीही बारीक, कितीही गाठी मारलेली वायर असो, करंट नसेल तर एक व्होल्टही गळत नाही. बंद मोटरीवर मोजलेला व्होल्ट हा डीपीचा व्होल्ट आहे. मोटरीचा व्होल्ट हवा असेल तर मोटर पाणी ओढत असताना मोजा.

पाच एचपीची तीन फेजची मोटर धरू. एक एचपी ७४६ वॅट, म्हणजे पाचाचे ३,७३० वॅट दांड्यावर. मोटर आत थोडं खाते, म्हणून विजेकडून साडेचार हजाराच्या वर घेते. ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजमध्ये साडेसात अँपिअरच्या आसपास करंट येतो. समजा स्टार्टरपासून बोअरमधल्या मोटरीपर्यंत ३०० मीटर केबल आहे, तांब्याची, अडीच स्क्वेअर, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर. तिचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.२. ७.६ अँपिअर धरले तर एका तारेत १७ व्होल्ट गळतात. तीन फेजच्या हिशेबात १.७३ ने गुणायचं, म्हणून फेज ते फेज २९ व्होल्ट. आणि शक्ती? ७.६ चा वर्ग, गुणिले २.२, गुणिले तीन तारा : साधारण ३८५ वॅट. आठ तास पाणी दिलं तर दिवसाला तीन युनिट केबलनेच खाल्ली. त्याच ठिकाणी सहा स्क्वेअरची केबल टाकली तर गळती १२ व्होल्टवर येते आणि शक्तीचा तोटा १६० वॅटवर. केबलवाल्याकडे भावाची घासाघीस करताना हे आकडे चिठ्ठीवर लिहून न्या.

पण खरं दुखणं पुढे आहे. गिझरला व्होल्ट कमी मिळाले तर तो करंट कमी घेतो आणि गप मंद तापतो. मोटर उलट वागते. तिच्यावर पाण्याचा भार तोच आहे, तेवढं पाणी तेवढ्या उंचीवर ढकलायचंय. व्होल्ट कमी पडले की ती करंट जास्त ओढते. ४१५ ऐवजी ३३० मिळाले तर ढोबळ मानाने ७.६ चे ९.६ अँपिअर होतात. वाइंडिंगची तार तीच, रोध तोच, पण उष्णता अँपिअरच्या वर्गाने. ९.६ भागिले ७.६, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास १.६. वाइंडिंग दीडपटीहून जास्त तापते. जेम्स ज्यूल ह्या इंग्लंडमधल्या दारूभट्टीवाल्याच्या मुलाने १८४० च्या सुमारास हा वर्गाचा नियम प्रयोगाने सिद्ध केला, आणि आपल्याकडे दर उन्हाळ्यात रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे तो रांगेने सिद्ध होतो.

त्यात ‘ऑटो’ची भर. रात्रीची लाइट असते, कोण उठून विहिरीवर जाणार, म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो बसवलाय. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट मागते. सगळ्यांनी एकदम मागितला की लाइनमध्ये व्होल्ट बसतात. बसले की कुणाचीच मोटर वेग घेत नाही. वेग घेत नाही म्हणून तो पाच-सहापट करंट सेकंदाऐवजी बराच वेळ चालू राहतो. मग कुणाची मोटर जाते, नाहीतर डीपीच जातो, आणि दोन आठवडे सगळेच कोरडे. ऑटो लावायचाच असेल तर शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळेचा टायमर तरी लावावा. एवढं ठरवायला गावात किती बैठका लागतात ते मी सांगायला नको. (हशा)

इथे एक सावधगिरी. चालू मोटरीचे व्होल्ट भागिले अँपिअर केलेत तर जो आकडा येईल तो तिच्या वाइंडिंगचा रोध नव्हे. फिरणारी मोटर स्वतःच्या आत उलटा दाब तयार करते आणि येणाऱ्या दाबाला अडवून धरते. घरातली एक एचपीची मोटर सहा अँपिअर घेते, भागाकार ३८ ओहम येतो, आणि बंद करून मल्टिमीटर लावला तर चार-पाचच ओहम निघतात. पंख्यात कचरा अडकून ती जाम झाली की उलटा दाब संपला, आणि तारेचा हा किरकोळ रोध उघडा पडला. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर ह्यांचीही तीच गत. त्यांच्यात रोधाचा भागाकार करून हाती काही लागत नाही. एसीमध्ये तर वॅट काढतानाही पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तो विषय आज उघडत नाही, नाहीतर तुम्ही जेवायला मुकाल.

शेवटी एक मोठा हिशेब, कारण तो आपल्या डोक्यावरून रोज जातो. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची डीसी लाइन आहे. क्षमता १,५०० मेगावॅट, दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट. डीसी असल्याने आपली शाळेतली सूत्रं जशीच्या तशी चालतात. करंट किती? मुलं लगेच १,५०० मेगावॅटला ५०० किलोव्होल्टने भागतात आणि ३,००० अँपिअर सांगतात. पुन्हा तोच रोग. एका तारेचा दाब जमिनीपेक्षा ५०० किलोव्होल्टने जास्त आहे, दुसरीचा ५०० ने कमी. दोघांमधला फरक १,००० किलोव्होल्ट, आणि करंट एकीकडून जाऊन दुसरीकडून येतो. उत्तर १,५०० अँपिअर. हीच वीज २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागले असते; तेवढ्या जाडीची तार कुठल्या खांबावर टांगणार?

हुशार मुलगा इथे मला हमखास पकडतो. म्हणतो, सर, तोटा म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. व्होल्ट वाढवले तर तोटा वाढायला हवा. तुम्ही म्हणता कमी होतो. प्रश्न फर्मास आहे. समजा जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून रोध १० ओहम आहे. हा आकडा मी हिशेबापुरता घेतोय. दहा लाख व्होल्टचा वर्ग भागिले दहा, म्हणजे एक लाख मेगावॅट तोटा! पाठवतोय दीड हजार. कुठलं तरी व्होल्ट चुकीचं उचललंय हे उघड आहे. दहा लाख व्होल्ट दोन तारांमध्ये आहेत. तारेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत किती आहेत? १,५०० गुणिले १०, म्हणजे फक्त १५ हजार. आता वर्ग करा, दहाने भागा : २२.५ मेगावॅट. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम करा, तेही २२.५. दोन्ही सूत्रांचं भांडण मिटलं. आणि दाब निम्मा केला असता तर अँपिअर दुप्पट, तोटा चौपट, ९० मेगावॅट. १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, तेव्हाही दाब चढवूनच न्यावी लागली होती, ह्याच कारणाने.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो : “घरी क्लॅम्प मीटर नाही. गिझर खरोखर किती वॅट घेतो ते कसं काढायचं?” उत्तम. तुमच्याकडे क्लॅम्पपेक्षा चांगलं यंत्र आहे, लाइटबिलाचं मीटर. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३,२०० असतं, काहींवर १,६००. आपल्या मीटरवरचं वाचून घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त गिझर चालू ठेवा. एकाने मोबाइलवर मिनिट लावायचं, दुसऱ्याने दिवा मोजायचा. समजा मिनिटात ८० वेळा लुकलुकला. तासाला ४,८००. भागिले ३,२००, म्हणजे दीड. दीड किलोवॅट. पट्टीवर दोन लिहिलंय आणि मिळतंय दीड, म्हणजे काय?

बरोबर, ताई, घरात २०० व्होल्टच येत असतील. वायरमनकडून त्याच वेळी गिझरच्या पॉइंटवरचा व्होल्ट मोजून घ्या. २०० निघाले तर दीड हजार भागिले दोनशे, साडेसात अँपिअर. दोनशे भागिले साडेसात, २६.७ ओहम, कॉइल निरोगी. आणि समजा व्होल्ट पूर्ण २३० भरले आणि तरी दिवा ८० च वेळा लुकलुकला, तर रोध ३५ येतो. म्हणजे वाटेत कुठेतरी आठेक ओहम जास्तीचे आहेत, नाहीतर आतली कॉइलच पट्टीवर लिहिल्यापेक्षा हलकी बसवलीय. पहिली शक्यता असेल तर त्या जागी साडेतीनशे वॅट पडत असतील, आणि तुम्हाला मीटर मोजायची गरज पडण्याआधीच जळका वास आला असता. तेव्हा वास नसेल तर दुकानदाराकडे जा.